बर्फाच्या उतारावरचं भांडण : स्की पेट्रोल आणि स्नोबोर्डर



बर्फातल्या खेळांचे व्हिडिओ वर्गात दाखवले की दोन प्रश्न हमखास येतात. "सर, काही जणांच्या पायाला दोन पट्ट्या आणि काही जणांच्या पायाखाली एकच फळी, असं का?" आणि दुसरा, "ते लाल जॅकेटवाले, ज्यांच्या कपड्यांवर पांढरा क्रॉस असतो, ते कोण?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे स्की आणि स्नोबोर्ड. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे स्की पेट्रोल, अर्थात उतारावरचं गस्तीपथक. फळीवाले आणि हे गस्तवाले यांच्यात अमेरिकेत जवळजवळ चाळीस वर्षं खटके उडत आले आहेत. वरवर पाहिलं तर ती "तरुण पोरं विरुद्ध शिस्तीचे लोक" अशी नेहमीची कुरबुर वाटते. पण नीट पाहिलं तर त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे : नियम माणसाच्या वागण्यावर असावा, की त्याच्या हातापायातल्या साधनावर?

आधी फळी समजून घेऊ

स्कीमध्ये प्रत्येक पायाला एक लांब, अरुंद पट्टी असते. हातात दोन काठ्या, तोंड सरळ उताराच्या दिशेला. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात. काठ्या नाहीत. म्हणजे खेळाडू उताराकडे तोंड करून नाही, तर बाजू करून उभा असतो. (आपल्याकडची मुलं स्केटबोर्डवर उभी राहतात ना, साधारण तसं.)

या एका फरकातून तीन गोष्टी निर्माण होतात आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच येतात. एक, बाजूने उभं राहिल्यामुळे पाठीमागचा भाग दिसत नाही. टाचांवर जोर देऊन वळताना फळीवाला आपल्या पाठीच्या दिशेला सरकतो, आणि मान मुद्दाम वळवली नाही तर तिकडे कोण आहे ते त्याला कळत नाही. दोन, सपाट जागी तो अडकतो. स्कीवाला काठ्या टेकत पुढे जातो. फळीवाल्याला एक पाय सोडवून, ढकलत ढकलत जावं लागतं. लिफ्टमधून वर पोचल्यावर तो पाय परत बांधायला बरेच जण चक्क बर्फात बसतात. तीन, नवशिका घाबरला की फळी आडवी करून घसरत खाली येतो. त्यामुळे उतारावरचा मऊ बर्फ खरवडला जातो आणि मागून येणारे स्कीवाले वैतागतात.

स्की पेट्रोल म्हणजे पोलीस नव्हे

आता दुसरी बाजू. १९३६ साली मिनॉट डोल नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा व्हरमाँट राज्यातल्या स्टो इथे स्की करताना घोटा मोडला. बर्फात पडल्यावर मदत मिळणं किती कठीण असतं ते त्याने स्वतः अनुभवलं. त्याच वर्षी त्याचा एक मित्र स्कीच्या शर्यतीत अपघात होऊन गेला. या दोन घटनांतून डोल कामाला लागला आणि १९३८ मध्ये अमेरिकेत नॅशनल स्की पेट्रोल ही संघटना उभी राहिली. म्हणजे पेट्रोलचा जन्म झाला तो प्रथमोपचारासाठी, लोकांना शिस्त लावण्यासाठी नव्हे.

हे लोक करतात काय? पहाटे, उतार उघडण्याआधी, वर जाऊन धोक्याच्या जागी स्फोटकं टाकतात आणि साठलेला बर्फ माणसं यायच्या आत मुद्दाम खाली पाडतात. दिवसभर जखमींना स्ट्रेचरसारख्या घसरगाडीत बांधून खाली आणतात. खड्डा, उघडा दगड, पाण्याचा ओहोळ दिसला की बांबू रोवून दोरी बांधतात. संध्याकाळी शेवटचा माणूस खाली गेला की नाही हे पाहत सगळा डोंगर वरून खाली झाडून काढतात. आणि या सगळ्याच्या जोडीला, कोणी बेफाम येत असेल तर त्याला थांबवून त्याचा पास काढून घेणं हेही त्यांच्याच गळ्यात पडतं.

इथेच मेख आहे. पेट्रोलर पोलीस नाही. त्याला अटक करता येत नाही. त्याच्याकडे शिक्षा एकच : पास रद्द करायचा आणि आजचा दिवस संपला असं सांगायचं. पण पास महाग, रजा थोडी, म्हणून तेवढीही शिक्षा लोकांना फार झोंबते. बरं, पेट्रोलरांना पगार तरी भरघोस असेल म्हणावं, तर तेही नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस युटा राज्यातल्या पार्क सिटी इथल्या सुमारे २०० पेट्रोलरांनी ऐन सुट्टीच्या गर्दीत संप केला. नवख्याचा पगार तासाला २१ डॉलरवरून २३ डॉलर करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. अमेरिकेतल्या महागड्या पर्यटनगावात राहायचं तर ही रक्कम फार नाही. स्फोटकं हाताळणारा आणि जीव वाचवणारा माणूस त्या पैशात काम करतो, आणि वर शिव्याही खातो.

मूळ नियम फार सोपा आहे

आपल्याकडे घाटात एक नियम असतो : अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. बर्फाच्या उतारावर सगळेच खाली येत असतात, मग पहिला मान कोणाचा? जो खाली आहे त्याचा. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. कारण उघड आहे. खालच्या माणसाला मागे डोळे नसतात, वरच्याला मात्र समोरचं सगळं दिसत असतं. ज्याला दिसतं त्याच्यावर जबाबदारी.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये असे दहा नियम स्वीकारले. युरोपात अपघाताचा खटला उभा राहिला की न्यायालयं आजही त्यांचा आधार घेतात. अमेरिकेत "युअर रिस्पॉन्सिबिलिटी कोड" नावाची अशीच यादी लिफ्टच्या खांबांवर, पासच्या मागे, कॅफेच्या कागदी रुमालांवरसुद्धा छापलेली असते. ताबा ठेवा. खालच्याला वाट द्या. वरून दिसेल अशाच जागी थांबा. निघताना आणि दुसऱ्या वाटेवर शिरताना वर बघा. बंद ठेवलेल्या जागी जाऊ नका. २०२२ मध्ये या सातांचे दहा नियम झाले. दारू किंवा अमली पदार्थ घेऊन उतारावर येऊ नका, आणि टक्कर झाली तर आपलं नाव-पत्ता द्या, पळून जाऊ नका, हे आता त्यात स्पष्ट आहे.

बघा, या यादीत "स्कीवाला" आणि "स्नोबोर्डवाला" असा भेद कुठेच नाही. आणि नियम मोडणारे फक्त फळीवालेच असतात असंही नाही. १९९७ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल इथे एक तरुण प्रचंड वेगात, ताबा सुटलेल्या अवस्थेत खाली आला आणि एका माणसाला धडकला. तो माणूस गेला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. इतक्या बेफाम वेगाने येणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, असं न्यायालयाने २००० साली सांगितलं. पुढे ज्युरीने त्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी धरलं. तो तरुण स्कीवर होता, फळीवर नव्हता. शिवाय तो त्याच ठिकाणी लिफ्टवर काम करत होता, म्हणजे नियम त्याला पाठ असणार.

मग फळीवरच राग का?

त्यासाठी थोडा इतिहास पाहू. १९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या आणि एक फळी बनवली. तिचं नाव पडलं स्नर्फर. तिच्या टोकाला धरायला दोरी असायची, पाय बांधायची सोय नव्हती. पुढे जेक बर्टन कारपेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये कारखाना काढला आणि फळीला पाय बांधायचे पट्टे आले.

पण स्की रिसॉर्टवाले या पोरांना लिफ्टमध्ये बसूच देईनात. विमा मिळणार नाही, अपघात होतील, आमचे जुने गिऱ्हाईक नाराज होतील, अशी कारणं दिली जात. यातलं सगळंच खोटं नव्हतं, हेही मान्य करायला हवं. सुरुवातीच्या फळ्यांना कडेला धातूची पट्टी नसायची. कडक बर्फावर अशी फळी धरच धरत नाही. ताबा सुटलेल्या फळीचे परिणाम शेवटी घसरगाडीत घालून खाली आणायचे कोणी? पेट्रोलने. तेव्हा त्यांची काळजी समजण्यासारखी होती.

१९८३ मध्ये व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन इथे फळीला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आधी परीक्षा द्यायची. वळता येतं का, थांबता येतं का हे दाखवायचं, मग कार्ड मिळणार. स्कीवाल्याला अशी कुठलीच परीक्षा नव्हती. पहिल्यांदा पायात स्की घालणारा माणूस तिकीट काढून थेट लिफ्टमध्ये बसू शकत होता. पोरांना राग आला तो इथे. परीक्षा चुकीची होती असं नाही, माझ्या मते तर चांगलीच होती; पण ती एकालाच होती.

दुसरं उदाहरण पट्ट्याचं. स्की पायातून सुटली तर तिच्या खाली आपोआप ब्रेक उघडतो, म्हणून ती एकटी खाली सुसाट जात नाही. फळीला असा ब्रेक नसतो. म्हणून नियम झाला की फळी दोरीने पायाला बांधलेली असावी, आणि पेट्रोलर लिफ्टच्या रांगेत उभं राहून ती दोरी तपासत. आता गंमत अशी की फळी पायातून अचानक सुटत नाही. दोन्ही पाय तिला घट्ट आवळलेले असतात. ती सुटून पळते ते माणूस बसून पाय सोडवत असताना किंवा फळी बाजूला ठेवल्यावर. आणि नेमकं तेव्हाच दोरीही सोडलेली असते! म्हणजे धोका खरा होता, पण नियम धोक्याच्या वेळेला लागू होतच नव्हता. खिशात एक दोरी ठेवायची, तपासणीपुरती लावायची, असं पोरं करू लागली. पुढे बऱ्याच ठिकाणी हा आग्रह हळूहळू मागे पडला.

दोरी ओलांडण्याचा प्रश्न

सगळ्यात कडवट भांडण मात्र वेगळंच आहे, आणि त्यात मी पूर्णपणे पेट्रोलच्या बाजूने आहे. ते म्हणजे बंद दोरीखालून पलीकडे जाणं.

स्नोबोर्डला ताजा, खोल, कोणीही न तुडवलेला बर्फ फार मानवतो. रुंद फळी त्यावर तरंगते. असा बर्फ कुठे उरतो? जिथे दोरी बांधलेली असते तिथे. पोरगं बघतं : पलीकडे स्वच्छ उतार, एकही रेघ नाही, आणि मध्ये एक दोरी. दोरी का बांधली ते लिहिलेलं नसतं. फार तर "बंद" एवढीच पाटी.

कारण बऱ्याचदा बर्फाच्या आत असतं. हिवाळाभर बर्फ थरावर थर साचतो. मधला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो आणि वरचा जड थर त्यावर नुसता टेकलेला असतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी सुटू शकते. हिमस्खलनात सापडलेल्यांच्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा ते स्खलन स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेलं असतं. आणि गाडला गेलेला माणूस जिवंत हाती लागण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, नंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात तिथे पोचणार कोण? पुन्हा पेट्रोलच. तेही त्याच अस्थिर उतारावर. शिवाय वरून सुटलेली लादी खाली उघड्या असलेल्या वाटेवरच्या लोकांवर येऊ शकते. "माझा जीव, माझी मर्जी" हे म्हणणं म्हणूनच इथे टिकत नाही. कोलोरॅडोत तर बंद उतारावर जाणं हा कायद्याने दंडनीय गुन्हा आहे.

तरी एक गोष्ट पेट्रोलनेही शिकावी लागली. नुसतं "बंद" म्हणण्यापेक्षा का बंद ते सांगितलं तर लोक जास्त ऐकतात. आता बऱ्याच ठिकाणी पाटीवर "हिमस्खलनाचा धोका" किंवा "स्फोटकांचं काम सुरू" असं लिहिलेलं असतं.

तीन डोंगर जिथे फळी अजूनही चालत नाही

१९९० च्या दशकात बहुतेक ठिकाणी फळीला दारं उघडली. कारण साधं होतं, तरुण पिढी तिकडेच वळली होती आणि रिसॉर्टला गिऱ्हाईक हवं होतं. १९९८ मध्ये जपानच्या नागानो इथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्येही आला. पण अमेरिकेत काही डोंगर अडून राहिले. २००७ मध्ये बर्टन कंपनीने सरळ खोडीच काढली : जिथे बंदी आहे तिथे चोरून फळी चालवून दाखवा, उत्तम व्हिडिओला ५,००० डॉलर बक्षीस! त्या वेळी यादीत चार ठिकाणं होती. त्यांपैकी न्यू मेक्सिकोतल्या टाओसने १९ मार्च २००८ पासून बंदी उठवली. उरले तीन : युटामधले आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. (बक्षीस लावून नियम मोडायला सांगणं मला पटत नाही. तिथेही पोरांच्या मागे धावायचं ते पेट्रोललाच.)

आल्टाचं प्रकरण कोर्टात गेलं. तिथली बरीचशी जमीन सरकारी वनखात्याची आहे. २०१४ च्या जानेवारीत काही स्नोबोर्डरांनी दावा केला : जमीन जनतेची, मग आम्हालाच का बंदी? राज्यघटनेतला समानतेचा हक्क डावलला जातोय. ही बंदी सुरक्षिततेसाठी नाही, आमच्यासारखी माणसं नकोत म्हणून आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. आल्टाने फळीवाल्याच्या न दिसणाऱ्या बाजूचा आणि स्कीवाल्या गिऱ्हाइकांच्या पसंतीचा मुद्दा मांडला. खालच्या न्यायालयाने त्याच वर्षी दावा फेटाळला आणि २०१६ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केलं.

पण निकाल नीट वाचायला हवा. फळी धोकादायक आहे असं न्यायालय म्हणालं नाही. समानतेचं कलम सरकारच्या कृतीला लागू होतं. ही बंदी एका खासगी कंपनीने आपल्या धंद्यासाठी घातलेली आहे, जमीन सरकारी असली तरी निर्णय सरकारचा नाही, एवढंच न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे "फळीने खरंच अपघात वाढतात का?" हा प्रश्न तिथे तपासलाच गेला नाही. बंदी आजही आहे.

बाकीच्या डोंगरांवर मात्र चित्र बदललं. दवाखान्यातलं दृश्य तेवढं वेगळं असतं : फळीवाल्यांची मनगटं मोडतात, कारण पडताना ते हात टेकतात, स्कीवाल्यांचे गुडघे जातात, कारण लांब पट्टीमुळे पाय पिळला जातो. उड्या मारणाऱ्यांसाठी वेगळी मैदानं आखली गेली, आणि काही वर्षांत तिथे स्कीवाली मुलंही उड्या मारू लागली. हळू जाण्याच्या पट्ट्यात आता पेट्रोलर सुसाट येणाऱ्या दोघांनाही सारखाच हात करतो. सगळ्यात मोठा बदल म्हणजे स्नोबोर्डवरचे पेट्रोलर. लाल जॅकेट, पांढरा क्रॉस आणि पायाखाली एकच फळी. ते त्याच फळीवरून जखमींची घसरगाडी खाली आणतात.

आपल्या देशात हा खेळ बघायचा असेल तर काश्मीरमधलं गुलमर्ग. महाराष्ट्रातून तिथे भरपूर पर्यटक जातात, बहुतेक जण स्लेजवर बसून फोटो काढतात. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळजवळ ३,९०० मीटर उंचीपर्यंत नेतो. तिथे स्की आणि फळी दोन्ही चालतात, गस्तीपथकही आहे. पण राखलेल्या पट्ट्याच्या बाहेर पडलं की सगळा डोंगर मोकळा आणि बेभरवशाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एक रशियन खेळाडू दगावला. गुलमर्गला जाणार असाल तर पाटी वाचा आणि गस्तवाल्याला विचारा, तो कारण सांगतो.

आता वर्गात चर्चेसाठी एक प्रसंग देतो. उताराला मध्येच एक उंचवटा आहे. त्याच्या लगेच खाली एक फळीवाला पाय बांधायला बसलाय, वरून तो दिसत नाही. वरून एक स्कीवाला बऱ्यापैकी वेगात येतो, उंचवट्यावरून उतरतो आणि त्याला धडकतो. एक नियम म्हणतो, खालच्याला सांभाळायची जबाबदारी वरच्याची. दुसरा म्हणतो, वरून दिसणार नाही अशा जागी थांबू नका. तुम्ही पेट्रोलर आहात. जखमीला आधी बघाल, दोघांची नावं लिहून घ्याल, साक्षीदार शोधाल, ते झालं. पण मग पास कोणाचा काढून घ्याल? एकाचा, दोघांचा, की कोणाचाच नाही? दोन गट करा, कारणं वहीत लिहा आणि शुक्रवारच्या तासाला घेऊन या.